मामा तलावांच्या साखळीत मरळ कशी धरावी

नागपूरहून रामटेक, मौदा, कुही किंवा उमरेडच्या बाजूला मरळ धरायला निघणारा नवशिका फ्रॉगचा, म्हणजे बेडकासारख्या रबरी आमिषाचा, रंग ठरवण्यात आठवडा घालवतो आणि कोणत्या तलावावर जायचे ते गाडीत बसल्यावर ठरवतो. हे उलटे व्हायला हवे. एकाला एक जोडलेल्या तलावांत त्या दिवशी पाणी कुठून कुठे चालले आहे हे कळले, तर काळा फ्रॉगही चालतो आणि पिवळाही. ते कळले नाही, तर पंधरा फ्रॉगांची पेटी असूनही माणूस रिकाम्या पाण्यावर दिवसभर हात दुखवून येतो.

साखळी कशी ओळखायची

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव, सहा हजारांहून अधिक आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने ते धानासाठी बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव राहिले. बांधणाऱ्यांनी जमिनीचा उतार असा वापरला आहे की वरचा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी नाल्यात किंवा बांध्यांत (धानाच्या वाफ्यांत) उतरते आणि तिथून खालच्या तलावात जाते. मध्ये कुठे कुठे बोड्या, म्हणजे लहान तळी, असतात.

निघण्याआधी मोबाईलवर उपग्रह नकाशा उघडा. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, वाकड्या रेघेसारखी दिसते आणि तिच्यावर बहुधा झाडे असतात. तलाव ज्या बाजूने पाळीला टेकला आहे ती खोल बाजू, समोरची पसरट बाजू उथळ. आता नाला कोणत्या तलावातून निघून कोणत्यात शिरतो ते बोटाने धरत जा आणि तलावांना वरून खाली एक, दोन, तीन असे आकडे द्या. प्रत्येक तलावाच्या चार जागा टिपून ठेवा: तुडूम (पाणी सोडायचे दार), सांडवा, नाला आत शिरतो ते तोंड, आणि उथळ बाजूची झाडोऱ्याची कड. मरळ वर्षभर या चार जागांच्या आसपासच फिरते. कधी कुठल्या जागी असेल, एवढाच प्रश्न उरतो.

मरळीला साखळी मानवते, कारण तिला हवेतला श्वास लागतो. कल्ल्यांच्या वर तिला हवा धरायची जागा असते आणि थोड्या थोड्या वेळाने पृष्ठावर येऊन तिला घोट घ्यावाच लागतो. त्यामुळे कुजट, ऊन, गुडघाभर पाण्यात, जिथे रोहू-कटला गुदमरतील, तिथे ती मजेत राहते. पावसाळ्यात बोटभर पाण्यातून आणि ओल्या गवतातून सरपटत ती एका पाण्यातून दुसऱ्यात जाते. कुणी बीज न सोडलेल्या बोडीतही मरळ सापडते ती यामुळेच.

कोणत्या महिन्यात कोणता तलाव

जुलै-ऑगस्ट सोडून द्या. हा विणीचा काळ. नर-मादी झाडोऱ्यात जागा साफ करतात, अंडी पाण्यावर तरंगतात आणि पुढे नारिंगी-लालसर पिल्लांचा गोळा पाण्याच्या पृष्ठाशी खळबळत फिरतो. आई-बाप त्याच्या खालीच असतात. अशा गोळ्यावरून फ्रॉग ओढला तर ते हमखास तुटून पडतात, पण ती भूक नसते, राखण असते. जोडी उचलली की पिल्ले बगळ्यांच्या आणि इतर माशांच्या पोटात जातात. गोळा सप्टेंबरमध्ये दिसला तरी तिथून पन्नास पावले पुढे सरका.

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा सगळ्यात चांगला काळ, आणि नीट बघावा लागणाराही हाच. तलाव काठोकाठ असतात, बुडालेल्या गवतात बेडूक आणि लहान मासे भरपूर असतात, आणि मरळ काठापासून चार-पाच हातांवर येते. पण याच दिवसांत धान निसवतो, शेतकऱ्यांना पाणी लागते आणि वरच्या तलावाचा तुडूम उघडतो. पाणी भराभर उतरू लागले की उथळ बाजूची मरळ काठ सोडते आणि झाडोऱ्याच्या बाहेरच्या कडेला, खोलीकडे तोंड करून थांबते. पहिला-दुसरा दिवस ती काही घेतही नाही. कालपर्यंत धडाधड लागत होती आणि आज एकही नाही, अशी तक्रार ऐकू आली तर आधी पाळीवरचा ओला पट्टा बघा. दगडांवर वीतभर ताजी ओल दिसत असेल तर त्या तलावावर वेळ घालवू नका. साखळीत एक पायरी खाली उतरा. शेतातून निघालेले पाणी जिथे खालच्या तलावात शिरते, त्या तोंडाशी किडे आणि लहान मासे वाहून येतात. मरळ तिथे, प्रवाहाच्या बाजूच्या शांत पाण्यात सापडते. ती धारेत उभी राहत नाही.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरकडची पहाट काकडवते आणि मरळ सुस्तावते. सहा वाजता तलावावर पोचण्यात काही शौर्य नाही. साडेदहा ते तीन ही वेळ धरा आणि उत्तर काठ निवडा. तिरक्या हिवाळी उन्हात तो जास्त वेळ तापतो आणि उत्तरेच्या गार वाऱ्यापासून आडही राहतो.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मे पर्यंत बोड्या आटतात, वरचे तलाव डबक्यावर येतात आणि साखळीतल्या सगळ्यात खालच्या, मोठ्या तलावात मासा गोळा होतो. पहाट फुटल्यापासून साडेआठपर्यंत, मग सूर्य बुडण्याआधीचा शेवटचा तास. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत दुपारी पाळीवर उभे राहणे माशासाठीही वेडेपणा आहे आणि माणसासाठीही. आटलेल्या डबक्यात मरळ धरणे फार सोपे असते. तिथे दोन मासे झाले की गरी गुंडाळा, कारण पुढच्या पावसात साखळी पुन्हा भरणार ती याच उरलेल्यांपासून.

परवानगी आधी, गरी नंतर

या तलावांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी ढिवर समाजाच्या मत्स्य सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. मरळीला काटे कमी आणि बाजारात भाव चांगला, त्यामुळे एक मोठी मरळ म्हणजे त्यांच्या घरची कमाई. गावात शिरल्यावर पानठेल्यावर विचारा, ‘भाऊ, तलाव कोणत्या सोसायटीकडे आहे?’ अध्यक्ष किंवा राखणदार भेटला की सरळ सांगा, ‘काका, गरीनं एक-दोन मरळ बघायच्या आहेत, जाळं नाही. किती द्यायचे जी?’ काही ठिकाणी पैसे घेतात, काही ठिकाणी मासा वजनावर विकत घ्यायला सांगतात, काही ठिकाणी नाही म्हणतात. नाही म्हटले तर पुढच्या गावी जा, पलीकडच्या काठाने गुपचूप शिरू नका.

शिंगाड्याची वेल लावलेला भाग हे कुणाचे तरी पीक आहे. त्यात फ्रॉग टाकला तर प्रत्येक ओढीला वेल तुटते. तिथली मरळ कितीही मोठी दिसली तरी कडेबाहेरूनच टाका. पेंच व्याघ्र प्रकल्प, उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या हद्दीतले पाणी पूर्ण वर्ज्य आहे.

सामान

रॉड साडेसहा ते सात फुटी, मिडियम-हेवी किंवा हेवी, टोकाकडे वाकणारा. मऊ रॉडने फ्रॉग छान फेकला जातो, पण हुक मरळीच्या कडक जबड्यात शिरत नाही आणि झाडोऱ्यातून मासा उपसता येत नाही. रील स्पिनिंग असेल तर 3000 ते 4000 आकाराचे. बेटकास्टर (आडव्या फिरत्या चक्रीचे रील) जमत असेल तर तेच बरे, नसेल तर पाळीवर गुंता सोडवत बसण्यापेक्षा स्पिनिंग घ्या.

लाइन ब्रेडच (विणलेल्या धाग्याची) हवी, 40 पौंडी, म्हणजे साधारण 18 किलो ताणाची. नायलॉन ताणले जाते, त्यामुळे वीस मीटरवर मारलेला झटका हुकापर्यंत पोचेस्तोवर निम्मा होतो. ब्रेड गवत कापत येते. तिचा एक दोष आहे. गुळगुळीत स्पूलवर (रीलच्या लाइन गुंडाळायच्या चक्रीवर) ती सगळीच्या सगळी गोल फिरते आणि ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन सुटू देणारी रीलची पकड) सैल असल्याचा भास होतो. म्हणून आधी पाच-सहा मीटर नायलॉन गुंडाळा आणि त्याला ब्रेड जोडा. शिशाच्या वजनापुढे लीडर (लाइन आणि आमिष यांमधला वेगळ्या दोऱ्याचा तुकडा, बहुधा फ्लुरोकार्बनचा) लावायची सवय इथे सोडा. फ्लुरोकार्बन पाण्यात बुडते आणि फ्रॉगचे नाक खाली ओढते. ब्रेड थेट फ्रॉगच्या कडीला बांधा आणि दर दोन-तीन माशांनंतर शेवटचा हातभर तुकडा कापून पुन्हा गाठ मारा, कारण मरळीच्या दातांनी तेवढा भाग पिंजतो.

गाठ पालोमार. वीतभर लाइन दुहेरी करून तिचा फास कडीतून काढा. दुहेरी लाइनची साधी सैल गाठ मारा. फासातून अख्खा फ्रॉग पार करा. थुंकीने ओली करून दोन्ही दोर एकत्र ओढा. कोरडी ओढली तर ब्रेड स्वतःलाच कापते आणि नेमकी पहिल्या मोठ्या माशावर सुटते.

ड्रॅग जवळजवळ बंद ठेवा. स्प्रिंग काटा रॉडच्या शेवटच्या कडीजवळ लाइनला अडकवून ओढा. चार-पाच किलोला सरकायला लागेल एवढा ड्रॅग हवा. याशिवाय लांब नाकाची पक्कड, माशाचा जबडा धरायचा चिमटा, एक कातर, ओले पोते आणि गंबूट. पाळीच्या दगडांत घोणस असते. चपलेवर फिरू नका आणि सुटलेला फ्रॉग काढायला दगडाच्या फटीत हात घालू नका.

फ्रॉग तयार करणे

पोकळ रबरी फ्रॉग 45 ते 60 मिलिमीटर, वजन 8 ते 15 ग्रॅम. दुकानातून आणला तसा टाकायचा नसतो, त्यावर दहा मिनिटे काम असते.

1. दुहेरी हुकाची टोके अंगाला चिकटून असतात. पक्कडीने दोन्ही बाजूंना 1 ते 2 मिलिमीटर बाहेर वाकवा. जास्त वाकवली तर गवत गोळा होईल, अजिबात वाकवली नाहीत तर मासा फ्रॉग चावून सोडून देईल.

2. टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून ओढा. घसरले तर ते बोथट आहे. बारीक कानसीने टोकाकडे घासा. नव्या फ्रॉगवरही हे करून बघा.

3. मागचे रबरी धागे फ्रॉगच्या लांबीपेक्षा मोठे असतील तर कापा. लहान मरळ नुसते धागे ओढते आणि तुम्हाला वाटते की मोठा मासा हुकला.

4. बोटांनी दाबून पोटातली हवा बाहेर जाते का बघा. हुकाच्या भोकातून पाणी आत शिरतेच. दर पाच-सहा फेकीनंतर दाबून ते काढायचे. पाणी भरलेला फ्रॉग चावला जातो तेव्हा दबत नाही आणि हुक उघडे पडत नाहीत.

दाट कमळपाने किंवा जलपर्णी असेल तर जड फ्रॉग घ्या, पाने दबली तरच खालच्या माशाला हालचाल कळते. मोकळ्या पाण्यात हलका. जिथे झाडोरा पाण्याखालीच आहे तिथे फ्रॉगऐवजी 4/0 आकाराच्या वाकड्या हुकावर चढवलेले मऊ रबरी शॅड (लहान माशाच्या आकाराचे आमिष) चालते, हुकाचे टोक रबरात लपवून. रंगावर एकच नियम पुरे: अंधुक उजेडात आणि गढूळ पाण्यात काळा, बाकी वेळी घरात असेल तो.

जिवंत बेडूक लावणारे लोक अजून आहेत. आपल्याकडचा मोठा बेडूक, भारतीय बुलफ्रॉग, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित आहे. शिवाय जिवंत बेडूक मरळ थेट पोटात घेते, मग हुक घशातून निघत नाही आणि मासा सोडता येत नाही.

फेक आणि ओढ

पाळीवर पोचल्यावर पहिली दहा मिनिटे काही टाकू नका. उभे राहा आणि ऐका. मरळ श्वास घेते तेव्हा ‘टप्प’ असा आवाज येतो आणि एक गोल वलय उमटते, त्यात दोन-चार बुडबुडे राहतात. बेशरमाच्या झुडपांखाली, पाणकणसाच्या फटीत, कमळपानांच्या मधल्या मोकळ्या खिडकीत बघा. नंतरचे वलय पहिल्यापासून कुठल्या बाजूला उमटते, त्यावरून तिची दिशा कळते.

वलयावर फ्रॉग मारू नका. श्वास घेऊन ती लगेच खाली वळते आणि डोक्यावर पडलेल्या वस्तूने बिथरते. ती ज्या दिशेने चालली आहे त्या बाजूला, वलयाच्या पाच-सहा फूट पलीकडे टाका आणि तिच्या वाटेवरून आडवा ओढत आणा. रॉडचे टोक पाण्याकडे खाली, मनगटाने छोटे झटके, लाइनमध्ये थोडी ढील, म्हणजे फ्रॉग डावी-उजवी मान वळवत चालतो. पानाच्या कडेवरून मोकळ्या पाण्यात उतरताना एक क्षण थांबवा. निम्मे हल्ले तिथेच होतात.

इथे अमेरिकी बासचे व्हिडिओ पाहून आलेला माणूस गडबडतो. फ्लोरिडातल्या किसिमीसारख्या जोडलेल्या तलावांत फ्रॉग टाकतात तो लार्जमाउथ बास तोंड उघडून पाणी आणि भक्ष्य एकत्र आत ओढतो. म्हणून तिकडे फ्रॉग बराच वेळ स्थिर ठेवतात. मरळ पाठलाग करून चावते, धरते आणि वळते. तिला फ्रॉग पळताना दिसायला हवा, पाच-सहा सेकंदांचे लांब थांबे तिच्यावर वाया जातात. आणि बासच्या तोंडात अंगठा घालून फोटो काढतात तसा मरळीच्या तोंडात घालू नका. तिचे दात सुईसारखे असतात.

झटका कधी

पाणी फुटल्याचा आवाज आला की हात आपोआप वर जातो, आणि फ्रॉग तोंडावर उडून येतो. आवाजावर झटका द्यायचा नाही. फ्रॉग दिसेनासा झाला का बघा, टोक माशाकडे खाली न्या, ढील गुंडाळा. लाइन जड लागली, बाजूला सरकू लागली, की दोन्ही हातांनी वर जोरात. यात एक ते दोन सेकंद जातात. ढिल्या लाइनवर मारलेला झटका फक्त ढील काढतो, हुकापर्यंत जातच नाही.

पुन्हा पुन्हा हुकत असेल तर क्रमाने तपासा: पोटात पाणी आहे का, टोके रबरात परत घुसली आहेत का, ड्रॅग सरकतो का. तिन्ही ठीक असेल तर मासा लहान आहे, फ्रॉगही लहान करा. हुकलेल्या मरळीवर फ्रॉग तसाच सावकाश पुढे चालवत राहा. घाईने उचलला तर ती विसरते, चालत राहिला तर बऱ्याचदा दुसऱ्यांदा येते. दोनदा हुकली की तिला दहा मिनिटे द्या, मग दुसऱ्या कोनातून टाका.

लागल्यावर पहिले चार-पाच सेकंद मासा तुमचा की गवताचा ते ठरवतात. रॉड उंच, गुंडाळणे अखंड, तिचे डोके पाण्यावर. डोके वर राहिले तर ती पानांवरून घसरत येते. खाली गेलीच आणि वेलींत रुतली तर झटके मारू नका, हुकाचे भोक मोठे होते. ताण कायम ठेवून पाळीवरून बाजूला चालत जा आणि कोन बदलून हळू ओढा. बहुतेक वेळा गवताच्या गठ्ठ्यासकट येते. ब्रेड हाताला गुंडाळून ओढायची नाही, ती बोट हाडापर्यंत कापते. तुडुमाच्या आसपास पाण्यात उतरू नका. दार उघडे असेल तर आत ओढ असते आणि वरून ती दिसत नाही. ढगांचा गडगडाट सुरू झाला की रॉड खाली ठेवून पाळीवरून उतरा, कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो.

मासा हातात आल्यावर

जबडा चिमट्याने धरा, पोटाखाली ओला हात. कोरड्या हाताने आणि तापलेल्या दगडावर ठेवल्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि नंतर तिथेच बुरशी धरते. हुक पक्कडीने, ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने मागे. दीड वीतीपेक्षा लहान मरळ परत. खूप मोठी, पोट भरलेली मादी पावसाच्या तोंडावर मिळाली तर तीही परत.

ठेवायची असेल तर ओल्या पोत्यात, सावलीत. पूर्ण बुडवलेल्या जाळीच्या पिशवीत ठेवली तर ती मरते, कारण वर येऊन श्वास घेता येत नाही. पाण्यातला मासा पाण्यात बुडून मेलेला बघून बरेच लोक चकित होतात.

थंडीत काही मरळींच्या अंगावर लाल, खोल जखमा दिसतात. हा बुरशीसारख्या जंतूमुळे होणारा व्रणरोग आहे आणि मरळीला तो इतर माशांपेक्षा लवकर धरतो. असा मासा खायला घेऊ नका आणि दुसऱ्या तलावात तर मुळीच सोडू नका. राखणदाराला सांगा. पाणी वरून खाली जाते तेव्हा रोगही खाली जाणारच, त्याला इलाज नाही. पण खालच्या तलावातून वरच्यात तो गंबुटाच्या चिखलाने आणि ओल्या पोत्याने चढतो. म्हणून एका दिवसात दोन तलाव करायचे असतील तर वरचा आधी, खालचा नंतर. घरी आल्यावर बूट, पोते आणि फ्रॉग धुऊन कडक उन्हात वाळवा. फ्रॉगच्या पोटातले पाणी दाबून काढायला विसरू नका, नाहीतर आतून हुक गंजतो आणि पुढच्या खेपेला टोक नखावरून घसरते.